शकुंतलेची स्टेशनं जागेवर बसेनात

अचलपूर ते यवतमाळ हा शकुंतला गाडीचा मार्ग पॉवरपॉइंटमध्ये काढायला घेतला आणि ठिपके ऐकेनात. दर्यापूरचा ठिपका माउसने ओढावा, तर तो हव्या त्या जागी थांबायच्या ऐवजी उडी मारून पुढे जायचा. मागे खेचला की तेवढीच उडी मागे. अंजनगाव, कारंजा, दारव्हा, सगळ्यांची तीच तऱ्हा. मध्येच लाल तुटक रेघा उमटायच्या आणि नाहीशा व्हायच्या. हे माउसचं दुखणं की संगणकाचं, तेच समजेना.

शाळेतल्या मुलांना ही गाडी दाखवायची होती. मूर्तिजापूरहून एक फाटा अचलपूरला, 76 किलोमीटर. दुसरा यवतमाळला, 113. वऱ्हाडातला कापूस मुंबईच्या वाटेला लावण्यासाठी इंग्रजांच्या काळात टाकलेले हे अरुंद रूळ. मँचेस्टरला 1921 साली बनलेलं वाफेचं इंजिन 1994 पर्यंत तिला ओढत होतं. आता गाडी बंद आहे. आमच्या मुलांनी ती धावताना पाहिलेलीच नाही, मग निदान गावांमधली अंतरं तरी खरी दिसायला हवीत, एवढाच माझा हट्ट.

शेवटी अकोल्याच्या भाच्याला फोन लावला. "आत्या, ऑल्ट दाबून धर, मंग सरकव. पाय कसं जाते ते." आणि खरंच, ठिपका अलगद सरकला!

मग कारण कळलं. स्लाइडवर न दिसणारी चौकटींची जाळी असते, साधारण दोन मिलिमीटरची, आणि वस्तू तिलाच चिकटते. मी एका सेंटीमीटरला 10 किलोमीटर धरले होते. म्हणजे एका उडीत स्टेशन दोन किलोमीटर हलायचं. लाल रेघांचं काम आणखी वेगळं. दोन ठिपक्यांमधली जागा शेजारच्या जागेएवढी होत आली की त्या ती सारखी करून टाकतात. चौकोनांची मांडणी करताना हे सोयीचं आहे, पण नकाशात ते खोटं ठरतं. व्ह्यूमधल्या ग्रिड सेटिंग्जमध्ये जाऊन मी 'स्नॅप' आणि 'स्मार्ट गाइड्स' या दोन्ही खुणा काढल्या.

त्याहून नेमका उपाय म्हणजे पोझिशनच्या रकान्यात आकडाच लिहिणं. अचलपूर डाव्या कडेपासून 5 सेंटीमीटरवर, तर मूर्तिजापूर 12.6 वर. पण तो आकडा ठिपक्याच्या मध्याचा नसतो, डाव्या कडेचा असतो; ठिपका 0.6 सेंटीमीटर रुंद, म्हणून लिहायचं 12.3.

बाजूच्या माहितीच्या चौकटी मात्र एका ओळीत हव्या होत्या. त्या शिफ्ट दाबून एकत्र निवडल्या आणि 'अलाइन लेफ्ट' केलं. एकच चौकट निवडून हे केलं की ती थेट स्लाइडच्या कडेला जाऊन बसते, हे नव्याने शिकणाऱ्याने आधीच माहीत करून घ्यावं. मग 'डिस्ट्रिब्यूट व्हर्टिकली'. इथे अंतरं सारखी झाली तर हवीच आहेत.