खिडकी कुणाची?

३ जून २०२० च्या 'निसर्ग' वादळात आमच्या किहीमच्या घराची मागची भिंत गेली. आता एकदाची बांधतोय. खाली जाड जांभा, वर वीट. आजीला पलंगावरून वाडी दिसावी म्हणून खिडकी चांगली खालपासून, म्हणजे दोन्ही भिंतींत.

शनिवारी रेव्हिटमध्ये स्टॅक्ड वॉल काढून खिडकी बसवली, तर चौकट जांभ्याच्या जाडीची! वरच्या विटेशी मेळच नाही.. दोन तास डोकं आपटल्यावर कळलं, की रेव्हिट अशा खिडकीची मालक खालचीच भिंत धरतं. 'पिक प्रायमरी होस्ट' घेऊन वरची भिंत निवडली. जमलं!

ऐटीत गवंडीकाकांना दाखवलं. ते म्हणाले, "बरं हाय. पन वरच्या विटांचा भार कोन घेनार? लिंटल कुठंय?"

काढलंच नव्हतं. असो, आता काढतोय. आजी विचारतेय, "पावसाच्या आत होईल ना रे?"