खोकला म्हटला की इंजेक्शन

शर्यतीचा घोडा सकाळच्या सरावात दोनदा खोकला, की तबेल्यात ‘कशामुळे?’ हे कुणी विचारत नाही. ‘कोणतं अँटिबायोटिक सुरू करायचं?’ हेच विचारलं जातं. मला हे अजून खटकतं. मालकाची घाई समजण्यासारखी आहे. घोडा तोंडाने श्वास घेऊ शकत नाही, फक्त नाकाने घेतो. भरधाव धावताना प्रत्येक ढांगेला एक श्वास, आणि त्या एका श्वासात 12 ते 15 लिटर हवा. अशा जनावराच्या श्वासनलिकेत थोडा चिकट स्राव साचला तरी शेवटच्या दोनशे मीटरमध्ये त्याचा दम तुटतो. पण घाई आहे म्हणून निदान बदलत नाही. ताप नाही, चारा-पाणी नीट चाललंय आणि तरी तरुण थरोब्रेड खोकतोय, तर बहुतेक वेळा तो घोड्यांचा सौम्य दमा असतो. त्याचं मूळ शोधायचं तर आधी गवतातल्या धुळीकडे आणि बुरशीकडे बघावं, जंतूंकडे नंतर. बाकीच्यांत विषाणूंचा वाटा मोठा, आणि विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही. 2007 साली ऑस्ट्रेलियात घोड्यांचा फ्लू पसरला, 2019च्या फेब्रुवारीत ब्रिटनमध्ये त्याच्यामुळे सहा दिवस शर्यती बंद राहिल्या. दोन्हीकडे साथ आवरली ती घोड्यांची ने-आण थांबवून, तपासण्या आणि लसीकरण करून.

मग ‘इंजेक्शन दिलं आणि घोडा सुधारला’ हा अनुभव सगळेच सांगतात, तो खोटा का? खोटा नाही, पण त्याचं श्रेय चुकीच्या खात्यावर जमा होतं. औषध सुरू झालं की त्याच दिवशी घोड्याचा वेगाचा सराव बंद होतो. त्याला नुसतं हातात धरून फिरवतात, म्हणजे उघड्या हवेत मान खाली घालून चालायला मिळतं आणि साचलेला स्राव आपोआप बाहेर पडतो. सईस त्याच्याकडे जास्त लक्ष देतो, गवत भिजवून घालतो, ठाणावरचा ओला पेंढा बदलतो. विषाणूचा आजार असेल तर त्याचा जोर तोवर तसाही ओसरत आलेला असतो. या पाचसहा गोष्टी एकदम घडतात, पण बिलावर नाव एकाच गोष्टीचं असतं. घोडा पुन्हा सरावाला लागला, कोरडं गवत पुन्हा जाळीत लटकलं, की महिनाभरात खोकला परत. आणि मग निष्कर्ष असा की आधीचं औषध ‘हलकं’ होतं, आता वरचं द्या. औषध न देता बाकी सगळं केलं तर काय होतं, हे पाहण्याची संधी त्या तबेल्याला कधी मिळतच नाही.

यावर जाणकार डॉक्टरांचा आक्षेप वजनदार आहे. ब्रिटनमधल्या तरुण शर्यती घोड्यांच्या अभ्यासांत श्वासनलिकेची जळजळ आणि स्ट्रेप्टोकॉकस झूएपिडेमिकससारखे जंतू यांचा संबंध स्पष्ट दिसला आहे. मान्य. पण त्याच अभ्यासांत वय वाढेल तसा हा त्रास कमी होत जातो, आणि निरोगी घोड्याच्या श्वासनलिकेतही थोडेफार जंतू सापडतातच. म्हणून दुर्बिणीने बघून, नळी धुऊन नमुना घ्यावा, त्यातल्या पेशी आणि जंतू दोन्ही तपासावेत. नुसता ‘जंतू सापडले’ असा अहवाल पुरेसा नाही. दुसरा आक्षेप लांबच्या प्रवासाचा. फ्लोटमध्ये, म्हणजे घोडे नेण्याच्या गाडीत, मान वर बांधून तासन्‌तास उभ्या राहिलेल्या घोड्याला स्राव खाली टाकता येत नाही, तो फुप्फुसात उतरतो आणि न्यूमोनिया होतो. इथे मी माझं म्हणणं बिनशर्त मागे घेतो. उतरलेला घोडा मलूल आहे, चारा सोडलाय, ताप 102च्या वर आहे, तर नमुना घ्या आणि अहवालाची वाट न बघता औषध सुरू करा. तिथला उशीर जिवावर बेततो.

‘दिलं तर बिघडलं काय?’ हे मात्र मला मुळीच पटत नाही. घोड्याचं पचन मोठ्या आतड्यातल्या जंतूंवर चालतं. ते मेले की जीवघेणी हगवण लागू शकते. स्वीडनमध्ये शिंगरांना एरिथ्रोमायसिन दिलं, तर त्याचा अंश पोटात जाऊन शेजारी उभ्या आया आजारी पडल्याचं नोंदलं गेलंय. केंटकीच्या फार्मांवर फुप्फुसात बारीकसा डाग दिसला की शिंगराला औषध, असं वर्षानुवर्षं चाललं आणि ऱ्होडोकॉकसच्या जंतूंनी त्या औषधांना दाद देणं कमी केलं. शर्यतीपुरतं बोलायचं तर प्रोकेन पेनिसिलिनमधलं प्रोकेन हे बधिरीकरणाचं औषध. ते लघवीत आठवडेच्या आठवडे सापडू शकतं. शर्यत वाचवायला दिलेल्या इंजेक्शनानेच घोडा डोप टेस्टमध्ये अडकतो.

पुण्याचा मोसम जुलै ते ऑक्टोबर, म्हणजे ऐन पावसात. गंजीतलं गवत दमट होतं, बुरशी धरते. अशा वेळी औषधाच्या कपाटाआधी गवताची गाठ सोडून हुंगून पाहावी. गवत पूर्ण भिजवावं आणि ओलंच घालावं, कारण भिजवून वाळवलं की धूळ परत तयार. चारा जाळीत न टांगता खाली ठेवावा. झाडलोट घोडा बाहेर असताना करावी, आणि शेजारच्या ठाणातही कोरडं गवत नको, नाहीतर एकट्या घोड्याचं भिजवून उपयोग नाही. यासाठी पहाटे सईसाला एक माणूस जास्तीचा लागेल. त्याचा पगार द्यायचा विषय निघाला की इंजेक्शनावर हजारो खर्चणारे मालकही हिशेब विचारू लागतात.