राखीव तुकडीचं कार्ड

मुलुंड पूर्वेला नवघर रोडवरची ती इमारत पुनर्विकासाला निघाली होती. महिनाअखेरीस जागा रिकामी करायची, म्हणून मजल्यामजल्यावर आवराआवर. तिकिटं जमवणाऱ्या एका मित्राचा फोन आला, ‘हवाई दलातल्या एका आजोबांची ट्रंक निघालीय, रशियाचं काहीतरी दिसतंय, लवकर जा.’ दुसऱ्या दिवशी सकाळी बोरिवलीहून निघालो, दादरला गाडी बदलली आणि पोहोचलो. तरी उशीरच झाला होता.

नात एकटीच घर आवरत होती. ‘काका, रशियन वह्या, कागद गेल्या आठवड्यातच रद्दीत दिले. घरात कुणाला वाचता येत नाही ना.’ मी तसाच कोपऱ्यावरच्या रद्दीवाल्याकडे गेलो. त्याचा माल कधीच पुढे गेला होता. तीन किलो असेल, म्हणाला.

परत आलो. काळी पत्र्याची ट्रंक, तिच्यावर पांढऱ्या रंगात नाव आणि हुद्दा. ‘आजोबा अंतराळात होते,’ नात म्हणाली आणि स्वतःच हसली, ‘म्हणजे गेले नव्हते हं, त्या कामात होते.’ नेमकं कुठलं काम, ते तिला ठाऊक नव्हतं. आजोबा घरी त्याबद्दल बोलतच नसत.

भारत-सोव्हिएत अंतराळ मोहीम म्हटलं की लोकांना टीव्हीवर इंदिरा गांधींशी बोलणारे राकेश शर्मा आठवतात. पण तिचा सांगाडा पुरता फौजी होता. बायकोनूरचा तळ सोव्हिएत सैन्याकडे, मॉस्कोजवळच्या स्टार सिटीतलं प्रशिक्षण त्यांच्या हवाई दलाच्या हाताखाली, आणि 1982 मध्ये निवडलेले शर्मा आणि रवीश मल्होत्रा हे दोघेही आपल्या हवाई दलाचे वैमानिक. परतल्यावर शर्मांसह गेलेल्या तिघाही अंतराळवीरांना अशोकचक्र मिळालं, त्यातले दोघे सोव्हिएत. आजोबा या सगळ्यात कुठे बसत होते ते कदाचित त्या वह्यांत असेल. असो.

ट्रंकेत वर 3 एप्रिल 1984 ची चार फर्स्ट डे कव्हरं होती, उड्डाणाच्याच दिवशी आपल्या टपाल खात्यानं काढलेल्या तीन रुपयांच्या तिकिटाची. ती मिळतात, दुर्मीळ नाहीत. मिठाईच्या डब्यात मुलाम्याचे रशियन बिल्ले, एकाची पिन गंजलेली. त्याखाली सोयूझ टी-11 यानातून गेलेल्या तिघांचा फोटो. मालिशेव, स्त्रेकालोव, शर्मा, आणि खाली तिघांच्या सह्या. माझा हात थरथरला. खिशातलं भिंग काढलं, खिडकीशी गेलो. शाईची रेघ बारीक ठिपक्यांत फुटली. छापील सह्या! अशा फोटोंवर फसून मी पूर्वी पैसे घालवलेत, म्हणून भिंगाशिवाय घराबाहेर पडत नाही.

तळाशी, वर्तमानपत्राखाली, पोस्टकार्डाएवढं एक कार्ड होतं. तीन सह्या, दोन रशियन लिपीत, एक इंग्रजीत. भिंगाखाली रेघ अखंड राहिली. उलटं करून बोट फिरवलं तर मागे बॉलपेनचा वळ लागला. बेरेझोवोई, ग्रेच्को, मल्होत्रा. राखीव तुकडी! शर्मांच्या तिघांपैकी कुणाला ऐनवेळी काही झालं असतं, तर हे तिघे गेले असते. बाजारात अशा कार्डाला तसा उठाव नसतो. लोकांना गेलेल्यांच्या सह्या हव्या असतात. मला हे कळत नाही. बेरेझोवोई 1982 मध्ये सल्यूत-7 या अंतराळस्थानकावर 211 दिवस राहून आलेला माणूस, ग्रेच्को तोवर दोनदा जाऊन आलेले. आणि मल्होत्रांनी तेवढीच भाषा शिकली, तेवढीच तालीम केली आणि ते जमिनीवर राहिले. कार्ड ज्यांच्या ट्रंकेत होतं, तेही जमिनीवरचेच.

नात चहा घेऊन आली. खरं सांगतो, क्षणभर गप्प बसावंसं वाटलं. सगळ्या ट्रंकेचे अडीच हजार बोललो असतो तर ती खुशीनं हो म्हणाली असती. पण चहा हातात घेतल्यावर ते जमलं नाही. फोटोतल्या सह्या छापील आहेत आणि हे कार्ड अस्सल आहे, दोन्ही सांगून टाकलं.

तिनं पुण्याला आईला व्हिडिओ कॉल लावला आणि कार्ड कॅमेऱ्यासमोर धरलं. आई बराच वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, ‘हे टेबलाच्या काचेखाली असायचं. आम्ही त्यावर गृहपाठ करायचो. ते देऊ नकोस.’

मी कव्हरं आणि बिल्ले घेतले, पंधराशे दिले. छापील फोटो तिनं आग्रहानं फुकट दिला. कार्डाबरोबर ठेवायला कागदावर सहा नावं मराठीत लिहून दिली, कोण गेले आणि कोण राखीव होते ते, आणि सातवं नाव आजोबांचं, ट्रंकेवरून उतरवून.

कार्ड आता पुण्यात आहे. माझ्याकडे त्याचा मोबाइलवर काढलेला फोटो आहे, तोही जरा हललेला.