चाक फिरवायला दुसरा माणूस

१ मे १९८१ रोजी जालना जिल्हा झाला आणि भोकरदन, अंबड, परतूरकडच्या गावांची कचेरीची कामं जालन्याला होऊ लागली. त्याच दशकात आमच्या घरांमध्ये फटफटी आली. आधी कुणा एखाद्याकडे राजदूत होती. मग १९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी-१०० निघाली, त्याच वर्षी औरंगाबादजवळ वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला आणि दारोदार गाड्या दिसू लागल्या. गाडी एकाच्या नावावर असली तरी ती सगळ्या घराची असायची. दुधाच्या किटल्या, बियाण्याच्या पिशव्या, मोसंबीच्या बागेला लागणारं औषध, तापानं फणफणलेलं लेकरू, सगळं तिच्यावरूनच जायचं. ती बंद पडली की घर अडायचं.

मग मित्राला निरोप जायचा. तो यायचा तो पाने गुंडाळलेलं फडकं काखेत मारूनच. अंगणात गाडी डबल स्टँडवर चढायची. घरातून जुन्या धोतराच्या चिंध्या यायच्या आणि घमेल्यात थोडं रॉकेल. रॉकेल तेव्हा रेशनकार्डावर मोजून मिळायचं, स्टोव्हही त्यावरच पेटायचा. तरी वहिनी विचारायच्या, "एवढं पुरंल का भाऊजी?" त्या विचारण्यातली माया आम्हाला तेव्हाही कळत होती.

"गड्या, आधी प्लग काढ," इथून सुरुवात. राजदूतच्या पेट्रोलमध्ये ऑइल मोजून मिसळावं लागे. ऑइल जास्त झालं की प्लग काजळून जायचा, कमी पडलं तर पिस्टन जाम व्हायचा. काळा ओला प्लग, पांढरा पडलेला प्लग, विटकरी प्लग, नुसत्या रंगावरून इंजिनाची तब्येत कळायची. तारेच्या ब्रशनं कार्बन खरवडायचा, पॉलिश पेपर फिरवायचा. सीडी-१००च्या प्लगचा गॅप हॅक्सॉ ब्लेडच्या तुकड्यानं बघायचा, कारण ब्लेडची जाडी साधारण ०.६ मिलिमीटर भरते आणि गॅपही जवळपास तेवढाच लागतो.

मग ठिणगी बघायची. हे काम एकट्याचं नव्हे. एकानं प्लगला कॅप लावून त्याचं लोखंड इंजिनाच्या हेडला टेकवून धरायचं, वरून गोणपाटाची सावली करायची. दुसऱ्यानं किक मारायची. तांबूस, मरतुकडी ठिणगी दिसली तर पॉइंट घासायला घ्यायचे. निळी, कडक ठिणगी कडाडली की आजोबांपासून पोरांपर्यंत सगळे गोणपाटाखाली डोकावायचे.

चेनचंही तसंच. आमच्या काळ्या मातीचा चिखल पावसाळ्यात मडगार्डमध्ये असा गच्च बसायचा की चाक फिरायचं नाही. तो काडीनं उकरायचा, चेन रॉकेलमध्ये धुवायची. मागच्या एक्सलचा नट ढिला करून दोन्हीकडचे अ‍ॅडजस्टर सारखे फिरवायचे, नाहीतर चाक तिरकं बसतं. चेन सगळीकडे सारखी झिजत नाही, म्हणून एकानं चाक हळूहळू फिरवायचं आणि दुसऱ्यानं बोटानं चेन उचलून कुठं ताणली जाते, कुठं सुटते ते पाहायचं.

या कामात बोलणं आपोआप निघायचं. बहिणीचं जमत आलेलं लग्न, विहिरीचं आटलेलं पाणी, सोसायटीचं कर्ज. समोरासमोर बसून जे तोंडातून फुटलं नसतं, ते चाकाकडे बघत बोलता यायचं. पैशाचा विषय कधी निघाला नाही. जेवल्याशिवाय मात्र कुणी कुणाला जाऊ दिलं नाही. आमच्या पिढीनं मैत्री निभावली ती अशी, हात काळे करून.

एप्रिल २०२० पासून गाड्यांच्या धुराबाबतचे बीएस-६ नियम लागू झाले. बहुतेक नव्या गाड्यांतून कार्ब्युरेटर गेला, पेट्रोल किती सोडायचं ते सेन्सर ठरवतात आणि बिघाड शोधायला स्कॅनर लागतो. धूर कमी झाला हे चांगलंच झालं. पण चेन अजून ढिली पडते, ब्रेकचं पायडल अजून खाली जातं, एअर फिल्टरमध्ये अजून धूळ साचते. एवढं घरी करता येतं. खंडेनवमीला पाने पुसून पूजेला मांडाल, तेव्हा मुलाला आणि मुलीलाही शेजारी बसवा, ते पाने त्यांच्या हातात द्या. आणि त्यांना सांगा, एखाद्या मित्राला, मैत्रिणीला हाक मारा. चाक फिरवायला दुसरा माणूस लागतोच.