मोटारींतला फ्रीज

उन्हाळ्याच्या सुटींत पूर्वीं आमच्या वाकोल्याचीं कुटुंबें आजोळीं जात. फारच हौस असली तर माथेरान किंवा महाबळेश्वर करीत. आतां तरुण मंडळींना तंबूचा नाद लागला आहे. शुक्रवारीं रात्रीं मोटारींत तंबू, घडीच्या खुर्च्या, सतरंज्या आणि शेगडी भरावयाची, वाकोला पुलाजवळ द्रुतगति मार्गास लागावयाचें, आणि सकाळीं पवनेच्या किंवा भंडारदऱ्याच्या पाण्याकांठीं चहा ठेवावयाचा, असा हा क्रम आहे. आम्हांस तो मुळींच वाईट वाटत नाहीं. ह्या सामानांत अलीकडे एका पेटीची भर पडली आहे. मोटारीच्या बारा व्होल्टच्या विजेवर चालणारा छोटा फ्रीज, तो हा. जाहिरातींत ह्या पेटींतून रंगीत पेयांच्या बाटल्या डोकावत असतात, आणि त्यामुळें पुष्कळ गृहस्थ ‘हें श्रीमंतांचें खूळ’ म्हणून मान फिरवितात. आम्हीहि फिरविली असती. परंतु आमच्या घरांत ह्या पेटीचा प्रश्न पेयांवरून निघाला नाहीं, तो इन्शुलिनवरून निघाला.

आमच्या मातोश्रींचें वय आज अठ्ठ्याहत्तर आहे आणि गेलीं पंचवीस वर्षें त्या मधुमेहावर इन्शुलिन घेत आहेत. २६ जुलै २००५ रोजींच्या त्या पावसांत सांताक्रूझच्या वेधशाळेंत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाणी मोजलें गेलें. वाकोल्याच्या नाल्याचें पाणी वस्तींत शिरलें आणि आमच्या भागांतली वीज गेली ती कांहीं दिवस आली नाहीं. मातोश्रींनीं फ्रीजमधल्या कुप्या प्लॅस्टिकच्या पिशवींत घट्ट बांधल्या आणि ओल्या वाळूवर मडकें मांडून त्यांत ठेविल्या. युक्ति जुनी आणि चांगली आहे. परंतु मडक्याचा गारवा पाझरलेलें पाणी हवेंत उडून गेल्यानें येतो, आणि जुलै महिन्यांत हवाच पाण्यानें भरलेली. मडकें म्हणावें तसें गार होईना. औषध टिकलें, पण तेव्हांपासून मातोश्रींनीं मनाशीं ठरवून टाकलें कीं, जेथें फ्रीज नाहीं तेथें जावयाचें नाहीं. लग्नकार्यास गांवीं जाणें सुटलें, पंढरपूर सुटलें. कोणी विचारलें तर ‘मला आतां प्रवास सोसत नाहीं’ एवढेंच म्हणत. खरें कारण त्या दोन बोटांएवढ्या कुपींत होतें.

त्यांचें बालपण भंडारदऱ्यास गेलें. वडील पाटबंधारे खात्यांत होते. १९२६ सालीं पुरें झालेलें प्रवरेवरचें विल्सन धरण आणि त्यामागचें आर्थर सरोवर म्हणजे त्यांच्या लहानपणचें अंगण. गेल्या वर्षीं नातवंडें तंबू घेऊन तिकडेच निघाल्याचें ऐकून त्या एकदम म्हणाल्या, “मला नेतां का रे एक रात्र?” वीस वर्षांत त्यांनीं असें कांहीं मागितलें नव्हतें. तेव्हां हा विषय आम्हांस नीट पाहणें भागच पडलें.

दुकानांत जाण्यापूर्वीं आम्ही डॉक्टरांकडे गेलों. न उघडलेलें इन्शुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसांत ठेवावयाचें असतें. वापरांत घेतलेलें पेन मात्र साधारणपणें ३० अंशांच्या आंत सुमारें चार आठवडे चालतें. प्रत्येक जातीचा नियम थोडा निराळा असतो, म्हणून बरोबरचा कागद वाचावा. उष्णतेनें औषधाचा गुण हळूहळू कमी होतो. परंतु तें एकदां गोठलें कीं वितळल्यावर दिसावयास पूर्वीसारखें दिसलें तरी टाकूनच द्यावें लागतें. म्हणजे आम्हांस हवी असलेली वस्तु जास्तींत जास्त थंड करणारी नव्हती. ठरलेल्या थंडीवर थांबणारी होती. ही गोष्ट मनांत पक्की झाल्यामुळें पुढें दुकानांतली निम्मी भाषणें आमच्या कानांवरून गेलीं.

डॉक्टरांनीं दुसरेंहि एक स्पष्ट सांगितलें, आणि तें आम्ही वाचकांपासून लपवीत नाहीं. नुसत्या एका रात्रीसाठीं फ्रीज घेण्याचें कांहीं कारण नाहीं. चालू पेन आणि एक राखीव पेन जाड भिंतींच्या पेटींत, बर्फास न टेकतां, टॉवेलांत गुंडाळून ठेवलें तर काम होतें. बर्फ हें फार इमानी साधन आहे. एक ग्रॅम बर्फ वितळतांना ८० कॅलरी उष्णता पोटांत घेतो आणि तोंवर स्वतः शून्य अंशावरच राहतो. १८३३ सालीं फ्रेडरिक ट्यूडर ह्या अमेरिकन व्यापाऱ्यानें बॉस्टनहून बर्फाचें जहाज भरून कलकत्त्यास पाठविलें. चार महिन्यांच्या त्या प्रवासांत विषुववृत्त दोनदां ओलांडावें लागे, तरी निम्म्याहून अधिक बर्फ शाबूत उतरला. त्याच्याजवळ यंत्र नव्हतें. भुसा, जाड फळ्या आणि झांकण घट्ट ठेवण्याची शिस्त होती. मुंबईंतहि पुढें ह्या अमेरिकन बर्फासाठीं खास बर्फघर बांधलेलें होतें. एक सावधगिरी मात्र घ्यावी. कारखान्याच्या लादीचा बर्फ पेटींत घालावा, पेल्यांत नव्हे. महाराष्ट्रांत अखाद्य बर्फास निळी छटा देण्याचा नियम २०१८ मध्यें झाला, तो ह्याचसाठीं.

पण मातोश्रींच्या मनांत एक रात्र होती तरी आमच्या मनांत पुढचे प्रवास होते. आठ-दहा दिवस कोंकणांत राहावयाचें, मोटार उन्हांत उभी, वाटेंत बर्फ मिळेल न मिळेल. अशा वेळीं पेटीनें स्वतः थंडी निर्माण केली पाहिजे. म्हणून मग आम्ही दुकानांत गेलों.

दुकानदारानें प्रथम जी पेटी पुढें केली ती हलकी, गोंडस आणि स्वस्त होती. “काका, ही थंडहि करते आणि गरमहि करते,” असें तो मोठ्या अभिमानानें म्हणाला. आम्हांस तेथेंच शंका आली. एकच बटण इकडून तिकडे सरकलें तर जी पेटी औषध शिजवूं शकते ती मुलांच्या हाताशीं कशी ठेवावी? ह्या पेटींत कॉम्प्रेसर नसतो. पेल्टिए नांवाच्या फ्रेंच गृहस्थांना, जे मुळांत घड्याळजी होते, १८३४ सालीं असें आढळलें कीं दोन निरनिराळ्या धातूंच्या सांध्यांतून वीज खेळविली असतां एक सांधा तापतो व दुसरा निवतो. तीच ही करामत. शास्त्र म्हणून ती सुंदर आहे. परंतु अशी पेटी बाहेरच्या तापमानापेक्षां साधारण पंधरा-वीस अंशच खालीं जाऊं शकते. सांताक्रूझच्या वेधशाळेंत २८ मार्च १९५६ रोजीं पारा ४१.७ अंशांवर गेल्याची नोंद आहे, आणि बंद मोटारींत तर साध्या उन्हाळ्यांतहि ह्याहून अधिक ताप होतो. पंचेचाळीसांतून वीस वजा करा. राहिलेल्या पंचविसांत ताकसुद्धां आंबून जाईल. आमच्या एका शेजाऱ्यांचें श्रीखंड अशाच पेटींत नाणेघाटापर्यंत पोंचेतों फुगून झांकणास लागलें होतें. शिवाय ही पेटी बहुधा अखंड चालते. चार अँपिअर ओढणारी पेटी दिवसाकांठीं ९६ अँपिअर-तास खाते, आणि थंडी मात्र अशी अर्धवट. शहरांतल्या शहरांत दुपारचा डबा नेण्यास ती ठीक आहे. तिला फ्रीज म्हणूं नये.

खरा फ्रीज तो कॉम्प्रेसरचा. घरच्या फ्रीजचेंच हें धाकटें भावंड. किंमत कित्येक पटींनीं अधिक आणि तीस लिटरची पेटी उचलावयास दोन माणसें लागतात. परंतु बाहेर चाळीस अंश असोत, आंत तुम्ही म्हणाल तितके अंश राहतात. थंडी झाली कीं यंत्र आपोआप थांबतें. पेटी निवडतांना आम्हीं तीनच गोष्टी पाहिल्या: भिंत जाड आहे कीं नाहीं, आंकडा एकेका अंशानें बदलतां येतो कीं नाहीं, आणि मोटारीची बॅटरी उतरूं लागतांच ती स्वतः बंद होते कीं नाहीं. दिवे, चाकें, मोबाइलवरून हुकूम सोडण्याची सोय, हें सर्व आम्हांस शोभेचें वाटलें.

ह्यांतील तिसऱ्या गोष्टीवर थोडें थांबलें पाहिजे, कारण डोंगरांत सकाळीं मोटार सुरू न होणें म्हणजे मातोश्रींसारख्या माणसासाठीं गंमत नव्हे. साध्या पेट्रोल मोटारीची बॅटरी बहुधा ३५ अँपिअर-तासांची असते. एंजिनास एक जोराचा धक्का देण्यासाठीं ती घडविलेली. रात्रभर झिजत राहण्यासाठीं नव्हे. तिच्यांतली निम्मी वीज काढली तरी तिच्यावर जुलूमच होतो. आतां हिशेब करा. कॉम्प्रेसर चालतांना सुमारें चार अँपिअर घेतो; उकाड्यांत तो निम्मा वेळ चालला तर सरासरी दोन. म्हणजे आठ-साडेआठ तासांत निम्मी बॅटरी संपली. संध्याकाळीं आठ वाजतां एंजिन बंद केलें तर पहाटे साडेचारच्या पुढें देवाची कृपा. फ्रीजला बॅटरी-रक्षणाच्या तीन पायऱ्या असतात. मोटारीच्या बॅटरीवर चालवितांना त्यांतली सर्वांत वरची ठेवावी, म्हणजे यंत्र लौकर बंद पडेल, पण सकाळीं घरीं परत येतां येईल. आणि औषध नेत असाल तर फ्रीज रात्रीं बंद पडून चालणारच नाहीं. अशा वेळीं पन्नास अँपिअर-तासांची वेगळी लिथियम बॅटरी बरोबर घ्यावी. तीहि चालत्या मोटारींत भरून घेतां येते. तिला तापलेल्या डिकींत तासन् तास कोंडून मात्र ठेवूं नये.

वीज घ्यावयाची ती मोटारींत सिगारेट पेटविण्यासाठीं ठेवलेल्या खोबणींतून. आमच्या घरांत तीन पिढ्यांत कोणीं विडी ओढली नाहीं. त्या खोबणीचें सार्थक अशा रीतीनें प्रथमच झालें. कांहीं मोटारींत किल्ली काढतांच ही खोबण मरते, कांहींत जिवंत राहते. आपली कोणत्या जातीची हें निघण्यापूर्वीं पाहावें. बारीक आणि लांबलचक वायर जोडूं नये. वाटेंतच व्होल्ट गळतात, फ्रीजला वाटतें बॅटरी उतरली, आणि तो रुसून बसतो.

निघण्याच्या आदल्या रात्रीं पेटी घरच्या विजेवर लावून आंत पूर्ण थंडी केली, व घरच्या फ्रीजमध्यें निवलेलेंच दूध, ताक, चटण्या तींत भरल्या. कोमट वस्तु थंड करण्याचें काम प्रवासांत यंत्रावर टाकलें कीं वीज दुप्पट जाते. आंकडा ५ अंशांवर ठेविला. इन्शुलिनची डबी मधोमध ठेवली, भिंतीस लावली नाहीं. कारण कॉम्प्रेसर चालूं असतां भिंतीजवळ आंकड्याहून अधिक गारठा असतो. डबीशेजारीं एक स्वतंत्र तापमापक ठेवला, ज्याचा आंकडा बाहेर वायरीनें दिसे. यंत्राच्या जाळीभोंवतीं चार बोटें हवा मोकळी ठेवली. मुलांस ताकीद दिली कीं दर पंधरा मिनिटांनीं झांकण उघडून ‘काय आहे?’ म्हणून पाहावयाचें नाहीं. ही ताकीद सर्वांत कठीण गेली.

कसारा घाट चढून घोटीवरून भंडारदऱ्यास पोंचेपर्यंत मातोश्रींनीं तापमापक किती वेळां पाहिला तें आम्हीं मोजलें नाहीं. इगतपुरीस आंकडा ६, घोटीस ५. शेंडी गांवाजवळ सरोवराच्या कांठीं तंबू लागले. जूनचा पहिला आठवडा, पाऊस यावयाचा होता, झाडांवर काजवे पेटत-विझत होते. जेवणापूर्वीं त्यांनीं बॅटरीच्या उजेडांत पेन काढलें, टोंचून घेतलें आणि डबी जागच्या जागीं ठेवून झांकण स्वतः दाबून पाहिलें. रात्रीं तंबूंत कॉम्प्रेसर घुरघुर करी, थांबे, पुन्हां करी. नातीनें विचारलें, “आजी, झोंप मोडते का ग ह्यानें?” त्या म्हणाल्या, “नाहीं ग. तुझे आजोबा घोरत, तशी सवय आहे. तो थांबला कीं जाग येते बघ.” मध्यरात्रीं एकदां आम्हीं पाहिलें तर त्या बाहेर खुर्चीवर शाल घेऊन बसल्या होत्या. तापमापकाकडे पाठ होती. पाण्यापलीकडच्या अंधारांत बोट दाखवून त्यांनीं आम्हांस सांगितलें कीं त्यांच्या वडिलांचा बंगला त्या अंगास होता, आणि पावसाळ्यांत धरणाचा आवाज घरांत बोलूं देत नसे. नंतर त्या बराच वेळ कांहीं बोलल्या नाहींत. सकाळीं आंकडा ५ होता व मोटारहि पहिल्याच किल्लीस सुरू झाली.

पेटीचा उपयोग प्रवासापुरताच आहे असें नाहीं. १२ ऑक्टोबर २०२० रोजीं सकाळीं मुंबईची वीज एकाएकीं गेली तेव्हां ज्यांच्या घरीं अशी पेटी आणि भरलेली बॅटरी होती त्यांना औषधाची काळजी करावी लागली नाहीं. चिरंजीवांच्या मतें गच्चीवर शंभर वॅटचें सौर पॅनेलहि लावावें. वाकोल्याच्या इमारती एकमेकींवर इतकी सावली धरतात कीं आम्हांस त्याचा भरंवसा वाटत नाहीं. त्यांना मोकळ्या किनाऱ्यावर तें खुशाल वापरूं द्यावें.

घरीं आल्यावर पेटी रिकामी करून सोड्याच्या पाण्यानें पुसावी, दिवसभर उघडी वाळवावी, आणि ठेवतांना झांकण पुरतें लावूं नये. नाहींतर आंत कुबट वास धरतो व तो महिनाभर जात नाहीं. आमच्याकडे फटींत लाटणें अडकवून ती दिवाणाखालीं ठेवली आहे. दर महिन्यास एकदां तास-दोन तास चालवून पाहतों आणि बॅटरी भरून ठेवतों. मातोश्रींनीं आषाढीच्या गर्दीपूर्वींचा एक दिवस पंढरपूरसाठीं धरला आहे, आणि लाटणें परवांच त्यांनीं स्वयंपाकघरांत परत नेलें.