लठ्ठ अक्षर

अक्षरांनाही माणसांसारखा स्वभाव असतो. काही अक्षरे शाळामास्तरांसारखी ताठ, काही सरकारी कागदासारखी कोरडी, तर काही लग्नघरातल्या आत्याबाईंसारखी ऐसपैस, ठसठशीत आणि मोठ्या आवाजाची. ‘कूपर ब्लॅक’ या रोमन टाइपाची गणना मी आत्याबाईंत करतो.

नाव तुमच्या ओळखीचे नसेल, पण रूप बहुधा पाहिलेले असेल. बीच बॉइजच्या १९६६ सालच्या ‘पेट साउंड्स’ या तबकडीच्या वेष्टनावर ते आहे. इझीजेटच्या विमानांवरच्या नावातही तेच आहे.

शिकागोच्या ऑझ्वाल्ड कूपरने ते रेखाटले आणि बार्नहार्ट ब्रदर्स अँड स्पिंडलर या फाउंड्रीने १९२२ साली बाजारात आणले. आपली अक्षरे शिरोरेषेला लोंबकळतात. रोमन अक्षरे जमिनीवर उभी राहतात आणि त्यांच्या टोकांना बारीक पावले असतात. त्यांना सेरिफ म्हणतात. एरवी टोकदार असणारी ही पावले कूपरने गोल, गुबगुबीत केली. बोचेल असा कोपराच ठेवला नाही. त्यामुळे एवढे वजन असूनही हे अक्षर अंगावर येत नाही. मोठ्याने बोलते, पण खेकसत नाही. पुष्कळ माणसांनाही हे साधत नाही!

जाहिरातदारांच्या त्यावर उड्या पडल्या. तेव्हा लॅन्स्टन मोनोटाइप कंपनीने तोडीस तोड म्हणून फ्रेडरिक गाउडीकडून १९२५ साली ‘गाउडी हेवीफेस’ करवून घेतला. गंमत अशी, की अक्षरलेखनात गाउडी हा कूपरचा गुरू! शिष्याशी सामना करायला गुरूला उतरवावे, हा प्रकार आम्हां मास्तर मंडळींना विचारात पाडणारा आहे.

दूरदृष्टीच्या मुद्रकांनी अधू नजरेच्या गिऱ्हाइकांसाठी वापरावे असे हे अक्षर, असे कूपर थट्टेने म्हणे. आमच्या घरी ती थट्टा खरी झाली. दादांची नजर मंदावली. जन्मभर इंग्रजीच्या वह्या तपासलेल्या माणसाला आपली गोळी कोणती, हे सुनेला विचारावे लागे. ते विचारीत नसत, गोळीच चुकवीत. डॉक्टर रागावत, दादा गप्प बसत.

माझ्या मुलीने संगणकावर हेच अक्षर निवडून औषधांचे सगळे वेळापत्रक एका कागदावर छापले. दादांनी कागद नाकाशी नेला, लांब धरला आणि परत दिला.

“सगळं शाईचं डबकं दिसतंय गं, बाळ!”

खरेच होते ते. या अक्षराच्या पोटात मोकळी जागा थोडी. बारीक छापले की तीही बुजते. परिच्छेद वाहणे हे त्याचे काम नव्हे. त्याला शब्द मोजके हवेत आणि जागा ऐसपैस. मग मुलीने दोन डब्यांवर दोनच शब्द चिकटवले, दोन बोटे उंचीचे: ‘मॉर्निंग’ आणि ‘नाईट’. या टाइपातला ‘ओ’ आरामखुर्चीत रेलल्यासारखा मागे कललेला असतो. तो दिसला की सकाळ, नाही दिसला की रात्र, असा दादांनी हिशेब बसवला. आता गोळी चुकत नाही, आणि कुणाला विचारावीही लागत नाही.

सौंदर्य नाजूकपणात असते, असे आम्ही वर्गात पुष्कळ शिकवतो. पण लठ्ठपणातही एक सौजन्य असू शकते. “तुम्हांला एवढंही दिसत नाही का?” असे विचारणारे जगात उदंड आहेत; “थांबा, मीच जरा मोठे होते,” असे म्हणणारे अक्षर विरळा.