एका गाण्याची दोन वये

गाणे एकच, गाणारा तोच, वाजवणारेही तेच; तरी एका ध्वनिमुद्रिकेत ते पाच मिनिटांत आटोपते आणि दुसरीत तब्बल तेवीस मिनिटे चालते. ऑलमन ब्रदर्स बँड या अमेरिकन रॉक-मंडळीचे ‘व्हिपिंग पोस्ट’ हे ते गाणे. पहिली मुद्रिका १९६९ च्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कच्या अटलांटिक स्टुडिओत तयार झाली. दुसरी १९७१ च्या मार्चमध्ये त्याच शहरातल्या फिलमोर ईस्ट या नाट्यगृहात, भरल्या श्रोत्यांपुढे. व्हिपिंग पोस्ट म्हणजे अपराध्याला बांधून फटके मारण्याचा खांब. प्रेयसीने फसवलेला एक पुरुष आपण त्या खांबाला बांधले गेलो आहोत असे म्हणतो, इतकाच गाण्याचा विषय. विषय काही नवा नव्हे. जगातील निम्म्या गाण्यांचा तोच असतो.

स्टुडिओतील मुद्रिका म्हणजे विचारपूर्वक केलेले पक्के काम आणि मैफलीतील मुद्रिका म्हणजे त्या रात्रीची लहर, असा आपला सर्वसाधारण समज असतो. या गाण्यापुरते मला नेमके उलट वाटते.

१९६९ च्या ऑगस्टमध्ये हे गाणे अवघे काही महिन्यांचे होते. त्याचा कर्ता ग्रेग ऑलमन तेव्हा एकवीस वर्षांचा. वडील भाऊ ड्वेन याने बोलावले म्हणून तो त्याच वर्षीच्या मार्चअखेर लॉस एंजेलिस सोडून फ्लॉरिडातील जॅक्सनव्हिल येथे आला. पुढे थोड्याच दिवसांत एका रात्री त्याला हे गाणे सुचले. हाताशी कागद नव्हता आणि घरात मूल झोपलेले. तेव्हा जळक्या काड्यांच्या कोळशाने त्याने इस्त्रीच्या फळीवरील कापडावर शब्द उतरवून घेतले, असे तो पुढे सांगत असे. गाण्याच्या आरंभीच्या सुरावटीत अकरा मात्रा आहेत: तीन, तीन, तीन आणि दोन. आपल्याकडे अकरा मात्रांचा रुद्रताल आहे, पण तो वाजवणारा आधी मोजायला शिकतो. या मुलाने मोजलेच नव्हते. या अकरा मात्रा झाल्या, हे त्याला भावाने सांगितले तेव्हा कळले!

असे कोवळे गाणे मंडळींनी स्टुडिओत नेले. सगळे जागच्या जागी आहे. ग्रेगचा आवाज त्या वयात कोठून आला असा प्रश्न पडावा इतका तो खरखरीत आणि पिकलेला आहे. परंतु वादक मात्र या घरात अजून पुरते फिरलेले नाहीत. गिटारचा आलाप सुरू होतो आणि पुढे काय आहे ते दिसण्याच्या आत कडवे येऊन उभे राहते.

त्यानंतरचे दीड वर्ष या मंडळींनी गावोगावी वाजवण्यात घालवले. १९७० सालचे तर बहुतेक दिवस त्यांचे रस्त्यावरच गेले. म्हणून फिलमोर ईस्टमध्ये ऐकू येते ते रात्रीमागून रात्री घोटलेले गाणे आहे. आरंभी श्रोत्यांतून कोणीतरी गाण्याचे नाव ओरडतो. बेरी ओकली सुरुवात करील असे ड्वेन सांगतो, आणि ओकलीची बास गिटार त्या अकरा मात्रा अशा काही ठोसपणे मांडते की खुर्चीत नीट बसावे लागते. पहिल्या कडव्यानंतर ड्वेन वाजवतो, दुसऱ्यानंतर डिकी बेट्स. मागे बुच ट्रक्स आणि जेमो हे दोघे तालवादक. येथवर ही मोठी झालेली स्टुडिओ-मुद्रिकाच म्हणता येईल. दहाव्या मिनिटाच्या सुमारास मात्र लय विरू लागते. तालवादक हात आखडता घेतात. गिटारी एकमेकींना विचारत असल्यासारख्या थांबून थांबून बोलतात. पुढे कोठेतरी ‘फ्रेर जाक’ या फ्रेंच बालगीताचे दोन-चार सूरही येऊन जातात. फसवणारी प्रेयसी, तिची खोटी वचने, तो खांब, सगळे मागे राहिलेले असते. शेवटी ग्रेग पुन्हा त्या आक्रोशावर येतो तेव्हा तो एका स्त्रीविषयी बोलत आहे असे मला वाटत नाही.

कोणी म्हणेल, रागविस्ताराला सरावलेल्या कानांना जिकडेतिकडे विलंबित ऐकू येते. पण येथे नाते अगदीच कल्पित नाही. ड्वेन आणि जेमो हे माइल्स डेव्हिस आणि जॉन कोल्ट्रेन यांच्या जाझचे भक्त. डेव्हिसच्या १९५९ सालच्या ‘काइंड ऑफ ब्लू’मध्ये मोजक्या स्वरांच्या एकाच चौकटीत राहून विस्तार करण्याची रीत आहे, आणि त्यात कोल्ट्रेनही वाजवतो. कोल्ट्रेनला हिंदुस्थानी संगीताची इतकी ओढ होती की १९६५ साली झालेल्या मुलाचे नाव त्याने पंडित रविशंकरांवरून रवी ठेवले. तेव्हा आपल्या ओळखीचे काहीतरी लांबच्या वाटेने तेथे पोचले असावे, असे मानायला जागा आहे.

ही मैफलीची तबकडी आमच्या घरी दादांनी आणली. दोन तबकड्यांचा संच. चौथी बाजू सबंध या एका गाण्याची. ती लागली की घरात कोणी बोलायचे नाही असा दादांचा दंडक होता, आणि वहिनी तो नेमाने मोडीत. दादा गेल्यावर जवळजवळ दीड वर्ष मला ती बाजू लावता आली नाही. पाच मिनिटांची मुद्रिका मात्र मी रोज ऐकत असे. त्यात तक्रार आहे, आणि तक्रार ऐकणाऱ्याला बरी वाटते. दोष द्यायला कोणीतरी समोर असते. दहाव्या मिनिटानंतरच्या त्या शांततेत असे कोणीच नाही. डॉक्टरांना, दैवाला, स्वतःला दोष देऊन झाल्यावर माणूस जेथे येतो तेथे ते गिटारवाले आधीच बसलेले असतात. तेथे बसण्याची माझी तयारी नव्हती.

दादांचा मुलगा मोठा चौकस. तो मला एकदा म्हणाला, “काका, याच संचातले ‘यू डोंट लव्ह मी’ दोन वेगवेगळ्या वेळचे वादन जोडून केले आहे. मग याला मैफल कसे म्हणायचे?” त्याचे म्हणणे खरे आहे. निर्माता टॉम डाउड याने जोडकाम केलेच. मी त्याला म्हटले, “अरे, जोडकाम राहू दे, माझ्या कानांनी त्याहून अधिक केले आहे.” त्या रात्रीच्या श्रोत्यांनी हे वादन एकदा ऐकले आणि पुढे काय होणार ते त्यांना ठाऊक नव्हते. मला तो ओरडणारा माणूससुद्धा पाठ आहे. तो ओरडला नाही तर गाणे सुरू होणार नाही, असे वाटण्याइतका तो आता त्या रचनेचा भाग झाला आहे.

जुलै १९७१ मध्ये हा संच निघाला. २९ ऑक्टोबरला जॉर्जियातील मेकन गावी मोटारसायकलच्या अपघातात ड्वेन ऑलमन गेला, वय चोवीस. पुढच्या वर्षी, नोव्हेंबर १९७२ मध्ये, त्याच गावात जवळच तसाच अपघात होऊन बेरी ओकली गेला. त्याचेही वय चोवीसच. ग्रेग २०१७ पर्यंत जगला आणि ते गाणे गात राहिला. वडील भावाच्या मागे ते गाताना त्याला त्या अकरा मात्रा कशा लागत असतील, हे त्या लांब मुद्रिकेपुढे बसलो की हटकून मनात येते.

ती मुद्रिका खरे म्हणजे संपतच नाही. टाळ्या पडू लागतात, आणि त्यांच्या खालून नगाऱ्याचा घुमारा उठतो. मंडळींनी थांबण्याऐवजी पुढचे वादन सुरू केलेले असते. तेवढ्यात तबकडीची बाजू भरते आणि आवाज विरतो. ते पुढचे वादन, ‘माउंटन जॅम’, फेब्रुवारी १९७२ मध्ये ‘ईट अ पीच’ या संचात आले. ड्वेन तेव्हा नव्हता. दादांकडे तो संच नव्हता. मी तो नंतर मिळवला. वादन तेहतीस मिनिटांहून अधिक आहे. अर्धे एका तबकडीवर आणि अर्धे दुसरीवर, त्यामुळे मध्येच उठून तबकडी बदलावी लागते.